थंड पाणी आणि सर्दी: नेमकं मोजलं काय?

थंड पाण्यात पोहणाऱ्यांना सर्दी-ताप कमी होतो, असं तुम्हीही ऐकलं असेल. पण ऐन हिवाळ्यात पाण्यात उतरतो तो मुळातच धडधाकट असतो ना? मग श्रेय पाण्याचं की प्रकृतीचं?

हा गुंता सोडवायला सहभागींचे यादृच्छिक गट पाडावे लागतात. नेदरलँड्समध्ये तसा प्रयोग झाला, पण पोहण्याऐवजी शॉवरवर. ३०१८ जण होते. काहींनी ३० दिवस गरम अंघोळीच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद थंड पाणी घेतलं, पुढचे ६० दिवस मर्जीनुसार. बाकीच्यांची नेहमीची अंघोळ. २०१६ चा निष्कर्ष: थंड पाणीवाल्यांची आजारपणाची रजा २९ टक्क्यांनी कमी.

आता पुढची ओळ वाचा. आजारी असल्याच्या दिवसांत मात्र लक्षणीय फरक नव्हता!

म्हणजे विषाणू अडला, असा पुरावा यातून मिळत नाही. कदाचित लोक आजारी असूनही कामावर गेले. शिवाय आपण थंड पाणी घेतोय हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि आजारपणाचे दिवसही त्यांनीच सांगितले होते.

माझ्या पहिल्या प्रस्तावात मीही असाच घोळ घातला होता: प्रश्न एक, मोजमाप दुसरंच. तुम्ही लिहायला बसाल तेव्हा आधी ठरवा, मोजायचा आहे तो संसर्ग की रजा?