'वाहक' म्हणजे नक्की कोण? मूडलची ग्लॉसरी दुसऱ्या कोर्समध्ये नेताना कोणते शब्द गळतात

नंदुरबारच्या एसटी स्टँडवर कुणालाही विचारा, वाहक म्हणजे कोण? उत्तर येईल, कंडक्टर. हाच प्रश्न विज्ञानाच्या तासाला विचारला तर उत्तर बदलतं. ज्यातून वीज वाहते तो पदार्थ, उदाहरणार्थ तांब्याची तार. हिवतापाच्या धड्यात डास हा वाहक असतो. आणि सिकलसेलच्या तपासणीनंतर ज्याला 'वाहक' म्हणतात तो स्वतः सहसा आजारी नसतो, पण आजाराचा एक जीन त्याच्या शरीरात असतो.

शब्द एक आणि अर्थ चार. मुंबई-पुण्यात हा गमतीचा विषय होऊ शकतो, नंदुरबारमध्ये चौथा अर्थ गमतीचा नाही. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा जुना, ओळखीचा आजार आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि बाळ वाहक असण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणजे 'वाहक'चा अर्थ 'रुग्ण' असा घेतला तर धडधाकट पोरीवर आजारी असल्याचा शिक्का बसतो. आणि 'काहीच नाही' असा घेतला तर लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करायची राहून जाते.

हे सगळं सांगायचं कारण एक साधी कॉम्प्युटरची फाईल आहे. कशी ते बघू.

मूडल हे नाव कॉलेजात शिकणाऱ्यांनी ऐकलं असेल. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी बनवलेलं हे ऑनलाईन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर. पहिली आवृत्ती २००२ची, फुकट आणि मुक्त स्रोत, त्यामुळे जगभरातल्या शिक्षणसंस्था ते वापरतात. त्यात धडे, चाचण्या, असाइनमेंट यांच्यासोबत 'ग्लॉसरी' नावाची एक सोय असते. ग्लॉसरी म्हणजे त्या कोर्सपुरता छोटा शब्दकोश. एक शब्द, त्याचा अर्थ, हवं तर चित्र किंवा आवाजाची फाईल. शिक्षक नोंदी भरतात, आणि परवानगी दिली तर विद्यार्थीही भरू शकतात.

शब्दकोश तर बाजारात मिळतात, मग ही वेगळी कटकट कशाला? महाराष्ट्राचं भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषा कोश काढतंय, केंद्राचा वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ पासून आहे. काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हे कोश मुख्यतः इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द देतात. धडगावची मुलगी बारावीपर्यंत मराठीत शिकून नर्सिंगला आली, घरी पावरी बोलते आणि पुस्तक इंग्रजीत आहे. तिला प्रतिशब्द देऊन भागत नाही. तिला दोन वाक्यांत समजावून सांगणारं कुणीतरी हवं असतं. नंदुरबार जिल्ह्यात भिली, पावरी, मावची, देहवाली, कोकणी, अहिराणी, गुजरी अशा बोली आहेत. वर्गातल्या अडचणी माहीत असलेला शिक्षकच ती दोन वाक्यं लिहू शकतो. ग्लॉसरीची खरी किंमत तिथे आहे.

समजा, शहाद्यातल्या एका शिक्षिकेने वर्षभर खपून अशा २०० नोंदी तयार केल्या. अक्कलकुव्याच्या शिक्षकाला त्या हव्या आहेत. पुन्हा टाईप करायच्या? नाही. ग्लॉसरी उघडली की मेन्यूत एक्स्पोर्टचा पर्याय असतो (जागा मूडलच्या आवृत्तीप्रमाणे बदलते, आणि तो दिसायला शिक्षकाचे अधिकार लागतात). क्लिक केलं की एक एक्सएमएल फाईल डाऊनलोड होते. नुसता मजकूर असेल तर ती हलकी असते. मोबाईलवरून पाठवता येते, पेनड्राईव्हमध्ये नेता येते, आणि सातपुड्याच्या पायथ्यापलीकडे रेंजचं काय होतं हे माहीत असणाऱ्याला पेनड्राईव्हचं महत्त्व सांगायला नको. चित्रं आणि ध्वनिफिती जोडलेल्या असतील तर मात्र नव्या आवृत्त्यांत त्याही याच फाईलमध्ये कोंबल्या जातात. त्यांचं अक्षरांत रूपांतर होताना आकार जवळपास एक तृतीयांशाने वाढतो. मग फाईल फुगते आणि समोरच्या साईटची अपलोड मर्यादा आडवी येते.

अक्कलकुव्याचा शिक्षक आपल्या कोर्समध्ये इम्पोर्टवर जाऊन ती फाईल चढवतो. तिथे मूडल त्याला दोन गोष्टी विचारतं.

पहिली, नोंदी सध्याच्या ग्लॉसरीत टाकायच्या की नवी ग्लॉसरी तयार करायची? नवी निवडली तर मूळ ग्लॉसरीचं नाव आणि बरीचशी सेटिंग्जही सोबत येतात, आणि ती कोर्सच्या सगळ्यात वरच्या भागात जाऊन बसते. बरेच जण खाली शोधत बसतात आणि इम्पोर्ट झालंच नाही असं समजून पुन्हा चढवतात. दुसरी, वर्गवारी आणायची का? ती टिकखूण राहिली तर 'रक्त', 'गरोदरपण', 'औषधं' असे पाडलेले कप्पे गायब होतात आणि सगळे शब्द एका ढिगात येतात. एक खूण विसरली म्हणून २०० नोंदींची वर्गवारी हाताने करायची पाळी येते.

आता येतो 'वाहक'.

शिक्षकाच्या ग्लॉसरीत भौतिकशास्त्राचा 'वाहक' आधीच आहे, आणि येणाऱ्या फाईलमध्ये सिकलसेलचा 'वाहक' आहे. मूडलच्या ग्लॉसरीत एकच शब्द दोनदा चालेल का, याचं एक सेटिंग असतं. साईटवर कुणी बदललं नसेल तर ते 'नाही' असतं. अशा वेळी इम्पोर्ट करताना मूडल फक्त शब्द बघतं, अर्थ बघत नाही. 'वाहक' आहे? मग हा दुसरा नको. सिकलसेलची नोंद बाहेर राहते.

मूडल हे लपवत नाही, तेवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. इम्पोर्ट संपलं की एक पान येतं. किती नोंदी आल्या, किती नाकारल्या आणि कोणत्या, हे त्यावर लिहिलेलं असतं. पण २०० पैकी १९६ आल्या म्हटल्यावर माणूस खूश होऊन 'पुढे' दाबतो, आणि ते पान गेलं की गेलं. राहिलेल्या चार नोंदी कोणत्या असतात? ज्या शब्दांचे अर्थ विषयागणिक बदलतात नेमक्या त्याच. म्हणजे विद्यार्थ्याला ज्यांची सगळ्यात जास्त गरज होती त्या. म्हणून त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. इतक्या सगळ्या प्रकरणात मला हीच सवय सगळ्यात उपयोगाची वाटते.

यावर उपाय काय? दुहेरी नोंदींना परवानगी देता येते, मग दोन्ही 'वाहक' शेजारी शेजारी राहतात. पण मूडलमध्ये ऑटो-लिंक नावाचा फिल्टर आहे. तो चालू असेल तर धड्यात शब्द आला की आपोआप त्याची लिंक बनते आणि क्लिक केल्यावर अर्थ उघडतो. एकाच शब्दाच्या दोन नोंदी असतील तर आपल्याला हवी तीच उघडेल याची खात्री देता येत नाही. सिकलसेलच्या धड्यात 'वाहक' दाबलं आणि तांब्याची तार निघाली, असं व्हायला नको. त्यापेक्षा विज्ञानाची आणि आरोग्याची ग्लॉसरी वेगळ्या कोर्समध्ये ठेवलेली बरी. साधी ग्लॉसरी आपल्याच कोर्सपुरत्या लिंक बनवते, त्यामुळे दोघींची गाठ पडत नाही. संपूर्ण साईटवर चालणारी ग्लोबल ग्लॉसरीही करता येते, पण ते काम अ‍ॅडमिनचं, आणि त्यात असे बहुअर्थी शब्द न टाकलेलेच बरे.

ऑटो-लिंकचा विषय निघालाच आहे तर मराठीची एक खास अडचण सांगतो. इंग्रजी शब्द वाक्यात बहुतेक जसाच्या तसा राहतो. आपला शब्द मात्र प्रत्यय लागला की रूप बदलतो. 'ऊर्जा' ही नोंद आहे, पण धड्यात लिहिलंय 'ऊर्जेचे रूपांतर'. मूडलला 'ऊर्जेचे' म्हणजे ऊर्जाच हे कळत नाही, लिंक बनत नाही. उलट 'विसंवाहक' या शब्दाच्या पोटात 'वाहक' आहे. शब्दाचा तुकडा जुळला तरी लिंक द्यायची असं सेटिंग असेल तर वीज न वाहू देणाऱ्या पदार्थावर वीज वाहून नेणाऱ्याचा अर्थ चिकटतो! पूर्ण शब्द जुळला तरच लिंक द्यायची असा पर्याय आहे, पण देवनागरीतला शब्द काना-मात्रांमुळे नेमका कुठे संपतो हे ओळखताना सॉफ्टवेअर अडखळू शकतं, त्यामुळे एखाद्या धड्यावर करून बघावंच लागतं. 'ऊर्जा'सारख्या शब्दांना सोपा इलाज आहे. प्रत्येक नोंदीला पर्यायी शब्द जोडता येतात, तिथे 'ऊर्जे', 'ऊर्जेचे', 'ऊर्जेला' अशी रूपं लिहून ठेवायची. हे पर्यायी शब्द एक्स्पोर्ट फाईलमध्ये सोबत जातात, म्हणजे कष्ट एकाने केले तरी पुरे. ऑटो-लिंक फिल्टर स्वतः मात्र फाईलमधून जात नाही. नव्या साईटवर तो बंद असेल तर एकही लिंक दिसणार नाही, आणि लोक फाईललाच दोष देतात.

दुसरी मराठी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'ॲनिमिया' हा शब्द दोन तऱ्हांनी टाईप होतो. एका कीबोर्डवर 'ॲ' हे एकच अक्षर असतं, दुसऱ्यावर 'अ' लिहून त्यावर चंद्र चढवतात. स्क्रीनवर बहुधा दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. 'वाऱ्या'मधल्या अर्ध्या र चंही तसंच. म्हणजे गंमत बघा, अर्थ वेगळे असलेले दोन 'वाहक' मूडल एक समजतं, आणि अर्थ एकच असलेले दोन 'ॲनिमिया' वेगळे समजून दोन्ही आत घेतं. शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. दोन शिक्षकांनी एकच कीबोर्ड वापरायचा ठरवला तर यातलं बरंचसं टळतं. आणि जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाईप केलेल्या याद्या कुणाकडे असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर समोर नुसता अक्षरांचा चिवडा येतो.

आता जे एक्स्पोर्टमध्ये जातच नाही त्याबद्दल. नोंदींवर विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या कमेंट आणि दिलेले रेटिंग मागे राहतात. आणि नोंद मूळ कुणी लिहिली हेही मागे राहतं. इम्पोर्ट करणाऱ्याच्या नावावर सगळ्या नोंदी चढतात. शहाद्याच्या वर्गात एखाद्या मुलीने आजीला विचारून पावरी शब्द लिहिला असेल, तो अक्कलकुव्यात पोचल्यावर तिथल्या सरांच्या नावाने दिसेल. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, फाईलमध्ये त्या माहितीला जागाच नाही. आदिवासी बोलींच्या बाबतीत मला हे लहान प्रकरण वाटत नाही. शब्द कुठल्या भागातला, कुणाकडून आला, हे माहीत नसेल तर तो बरोबर की चूक हे ठरवणंही अवघड होतं, कारण एकाच बोलीत गावागणिक फरक पडतो. उपाय साधा आहे. ही माहिती अर्थाच्या मजकुरातच शेवटी एका ओळीत लिहायची: कोणती बोली, कोणता तालुका, आणि सांगणाऱ्याची हरकत नसेल तर नाव. अर्थात लिहिलेलं सगळं फाईलसोबत जातं.

कमेंट आणि लेखकांची नावं हवीच असतील तर एक्स्पोर्टऐवजी मूडलचा बॅकअप-रिस्टोअर हा मार्ग आहे. त्यात वापरकर्त्यांची माहितीही सोबत नेता येते. पण ती दुसऱ्या संस्थेला द्यायची म्हणजे विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती देणं झालं. त्यासाठी परवानगी लागणारच, ती न विचारता दिली जाऊ नये.

सुरुवात करायची असेल तर २०० नोंदी एकदम हलवू नका. एक रिकामा सराव कोर्स उघडा. पाचच नोंदी घ्या: एक साधी, एक चित्र असलेली, एक ज्यात 'ॲ' आहे अशी, एक प्रत्ययाने रूप बदलणारी, आणि एक 'वाहक'. सराव कोर्सच्या ग्लॉसरीत दुसऱ्या अर्थाचा 'वाहक' आधीच टाकून ठेवा आणि मग फाईल चढवा. शेवटच्या पानावर चार आल्या, एक नाकारली असं दिसलं तर तुमच्या साईटचं सेटिंग काय आहे ते कळलं. उरलेल्या १९५ नोंदींचं काय करायचं ते त्यानंतर ठरवा.