छायाचित्र बोलके हवे, आणि खरेही!

नाशिक जिल्ह्यातील येवला हे गाव पैठणीसाठी प्रसिद्ध आहे. लग्नकार्य ठरले की पुण्या-मुंबईची कुटुंबे येवल्याला जात, चार घरे फिरून साड्या पाहत, हाताने पोत चाचपत आणि मगच खरेदी करीत. असे ग्राहक आजही येतात. मात्र अनेकांची पहिली पसंती आता घरबसल्या, मोबाइलच्या पडद्यावर ठरते. ज्या विणकराचे शहरात दुकान नाही आणि जाहिरातीसाठी गाठीशी पैसा नाही, त्याच्यासाठी महाजालावर मांडलेले छायाचित्र हीच दुकानाची पाटी ठरते. परंतु तेथेच यंत्रमागावर विणलेल्या स्वस्त साडीचे छायाचित्रही मांडलेले असते आणि पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. हातमागाच्या मेहनतीचे मोल ग्राहकाला पटवायचे, तर छायाचित्र नुसते सुंदर असून भागत नाही.

छायाचित्रे महाजालावर सामायिक करण्याची सोय तशी जुनी आहे. 'फ्लिकर' हे संकेतस्थळ २००४ साली कॅनडात सुरू झाले. छायाचित्राला शीर्षक, वर्णन आणि शोधशब्द जोडण्याची सवय लोकांना लावण्यात त्याचा मोठा वाटा होता. 'इन्स्टाग्राम' २०१० मध्ये आले. २०१८ मध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी 'व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस' सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी त्यात वस्तूंची चित्रमय यादी मांडण्याची सोय झाली. गुगलच्या नकाशावरही व्यवसायाची नोंद करून छायाचित्रे विनामूल्य लावता येतात. साधने भरपूर आहेत. प्रश्न आहे तो ती कशी वापरायची याचा.

रंगाची फसगत

पैठणीच्या बाबतीत पहिली अडचण रंगाची. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की रेशमावर धूपछाव उमटते. साडी हलली की रंग बदलल्यासारखा भासतो. एकाच छायाचित्रात ही किमया मावत नाही. त्यामुळे त्याच साडीची किमान दोन कोनांतून छायाचित्रे घेणे आवश्यक ठरते. कॅमेऱ्याचा फ्लॅश जरीवर चकाकतो आणि तिचे बारकावे पुसून टाकतो, तर ट्यूबलाइटच्या उजेडात रंगावर वेगळीच झाक येते. दिवसाउजेडी, खिडकीजवळ किंवा ओसरीच्या सावलीत, थेट ऊन टाळून घेतलेले छायाचित्र खऱ्या रंगाच्या सर्वाधिक जवळ जाते. रंग खुलवणाऱ्या तयार 'फिल्टर'चा मोह तर कटाक्षाने टाळायला हवा. पडद्यावर राणी रंगाची दिसलेली साडी हाती आल्यावर फिकट निघाली, तर ती परत येते आणि तिच्याबरोबर नावही जाते. ई-कॉमर्स व्यासपीठांसाठी २०२० साली लागू झालेल्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार, जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

मागची बाजू हाच पुरावा

खरी पैठणी ओळखण्याची जाणकारांची रीत म्हणजे पदर उलटून पाहणे. पारंपरिक विणीत पदरावरील मोर, कमळ किंवा मुनिया निरनिराळ्या रंगांचे धागे एकमेकांत गुंतवून हाताने विणले जातात. त्यामुळे मागील बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे आढळतात. ग्राहक दुकानात जी खूण स्वतः तपासतो, तीच त्याला पडद्यावर दाखवली पाहिजे. पूर्ण साडीबरोबर काठ, पदर, पदराची मागील बाजू आणि जरीचा जवळून घेतलेला तुकडा अशी चार-पाच छायाचित्रे दिली, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेले 'सिल्क मार्क' किंवा हातमागाचे 'हँडलूम मार्क' हे चिन्ह साडीला लाभले असेल, तर त्याचेही छायाचित्र सोबत असावे. मागावर अर्धी विणलेली साडी आणि धोटा फिरवणारे हात दाखवले, तर किमतीमागचे श्रम वेगळे सांगावे लागत नाहीत.

चित्राला शब्दांची जोड

छायाचित्राखालील मजकुराकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. शोधयंत्रे चित्र ओळखू लागली असली, तरी साडी कोणत्या गावची, किती दिवसांत विणलेली आणि कोणत्या रेशमाची, हे त्यांना शब्दांतूनच कळते. कॅमेऱ्याने दिलेला निव्वळ क्रमांक तसाच ठेवण्याऐवजी 'येवला, हातमागावरील पैठणी, मोरबांगडी पदर' असे साधे वर्णन लिहावे. परदेशस्थ ग्राहकांसाठी तेच इंग्रजीतही द्यावे. किंमत आणि साडी तयार होण्यास लागणारा काळ नमूद केला, तर निष्फळ चौकशांचा वेळ वाचतो.

काही बाबतींत सावधगिरीही हवी. अनेक विणकरांचे माग राहत्या घरातच असतात. मोबाइलने घेतलेल्या छायाचित्रात त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदले जाऊ शकतात. घराचा नेमका ठावठिकाणा उघड करायचा नसेल, तर कॅमेऱ्यातील ही सोय बंद ठेवावी. साडी नेसलेल्या ग्राहक महिलेचे छायाचित्र तिच्या परवानगीविना प्रसिद्ध करू नये.

हक्क कोणाचा?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा पहिला हक्क सामान्यतः ते टिपणाऱ्याचा असतो. मोबदला देऊन ते काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर तो काढून घेणाऱ्याचा. यासाठी नोंदणीची सक्ती नाही. म्हणजेच विणकराने स्वतः काढलेले छायाचित्र उचलून दुसऱ्याने आपल्या मालाखाली लावले, तर ते हटवण्याची मागणी तो संबंधित संकेतस्थळाकडे करू शकतो. त्यासाठी मूळ, मोठ्या आकाराची प्रत आणि तिची तारीख जपून ठेवलेली असावी.

ही मूळ प्रत जपण्याला आणखी एक कारण आहे. भारतात एके काळी घरोघरी पोहोचलेले 'ऑर्कुट' २०१४ मध्ये बंद झाले. गुगलचे 'पिकासा' २०१६ मध्ये गुंडाळले गेले. 'फ्लिकर'ने विनामूल्य खात्यांवर एक हजार छायाचित्रांची मर्यादा घातल्याचे २०१८ च्या अखेरीस जाहीर झाले. दुसऱ्याच्या जागेत थाटलेल्या दुकानाची जागा केव्हाही जाऊ शकते. म्हणून छायाचित्रांचा संच स्वतःच्या संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवावा, तसेच ग्राहकांची नावे व दूरध्वनी क्रमांक त्यांच्या संमतीने वेगळ्या वहीत लिहून ठेवावेत.

या साऱ्याला मोठ्या भांडवलाची गरज नाही. साधा मोबाइल, खिडकीतला उजेड आणि आठवड्यातील काही तास पुरेसे आहेत. छायाचित्र ग्राहकाला उंबरठ्यापर्यंत आणते. तो पुन्हा यावा आणि आपल्या नात्यागोत्यात चार शब्द चांगले बोलावा, असे वाटत असेल, तर पडद्यावर दिसलेली पैठणी आणि घडी उलगडल्यावर हाती लागलेली पैठणी एकच असावी लागते.