तोंडचं पाणी पळतं तेव्हा

बागलाणात काळजीलाही हंगाम असतात. अर्ली द्राक्षाची छाटणी झाली आणि आभाळ भरून आलं की एक काळजी, डाळिंबावर तेल्याचे डाग दिसले की दुसरी, चाळीतला उन्हाळ कांदा सडू लागला की तिसरी. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि 4 मे 2024 रोजी ती बंदी उठवली. मधल्या काळात सटाणा आणि नामपूरच्या बाजार समित्यांत किती जीव टांगणीला लागले होते, हे इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. अशा काळजीचा हिशेब आपण झोप, पित्त आणि रक्तदाबात मांडतो. दात, हिरड्या आणि जीभ त्या हिशेबात कधी येतच नाहीत. खरं तर मन धास्तावल्याची खबर तोंडाला फार लवकर लागते.

आपल्या जुन्या न्यायपद्धतीला हे ठाऊक होतं. धर्मशास्त्रात चोरीच्या आरोपासाठी तांदळाचं दिव्य सांगितलं आहे. देवाच्या स्नानाच्या पाण्यात रात्रभर ठेवलेले तांदूळ सकाळी संशयिताला चावायला द्यायचे आणि पिंपळाच्या किंवा भूर्जाच्या पानावर थुंकायला लावायचे. थुंकीत रक्त दिसलं, अंग कापू लागलं, की तो दोषी. भीतीने लाळ आटते आणि कोरड्या तोंडात तांदळाने हिरड्या, टाळू खरचटतात, हे निरीक्षण त्यामागे असावं. न्याय म्हणून ही रीत घातकच होती, कारण भेदरतो तो निर्दोष माणूससुद्धा. शरीराची नोंद मात्र तिने अचूक घेतली होती.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. संकटाची चाहूल लागली की मज्जासंस्था शरीराला पळायला किंवा लढायला सज्ज करते. पचनाची कामं मागे पडतात, पातळ लाळ कमी होते आणि तोंड चिकट, कोरडं पडतं. लाळेचं काम घास ओला करण्यापुरतं नसतं. तोंडातले जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि पीएच साधारण 5.5च्या खाली गेला की दातांचं कवच विरघळू लागतं. गोड खाल्ल्यावर हे आम्ल काही मिनिटांत वाढतं आणि उतरायला अर्धा-पाऊण तास लागतो, हे रॉबर्ट स्टीफन यांनी 1940च्या दशकात मोजून दाखवलं. ते उतरवते ती लाळच.

आता लिलावाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे ट्रॅक्टर रांगेत लागतो. पोटात धड अन्न नसतं. भाव फुटेपर्यंत थोड्या-थोड्या वेळाने गोड चहाचा कप येतो, मध्ये तळहातावर तंबाखू-चुना मळला जातो. एक आम्ल उतरायच्या आत दुसरं चढतं आणि ते धुऊन काढणारी लाळ तर काळजीने आधीच आटलेली असते. असे दिवस साठत गेले की दाढा किडतात आणि आपण चहाला दोष देऊन मोकळे होतो.

रात्रीचा भाग वेगळा. ताणाखालची पुष्कळ माणसं झोपेत दात खातात. कुणी दिवसा नकळत जबडा आवळून धरतं, आणि त्याचा तर आवाजही होत नाही. एरवी ओठ मिटलेले असले तरी वरचे-खालचे दात सुटे असायला हवेत. ते सतत भिडलेले राहिले की सुळ्यांची टोकं सपाट होतात, दातांना तडे जातात, सकाळी कानशिलं ठणकतात. आरशासमोर उभं राहून एकदा पाहा: जिभेच्या कडेला दातांचे ठसे आहेत का? गालाच्या आत, दात मिटतात त्या रेषेवर पांढरी रेघ आहे का? या खुणा असल्या तर दंतवैद्याला दाखवा. रात्री लावायची पट्टी दात वाचवते, पण जबडा का आवळला जातो, हेही पाहावं लागतं.

हिरड्यांचंही तसंच. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांच्या हिरड्या सडून रक्त येई. अस्वच्छता, निकृष्ट आहार आणि धूम्रपान यांच्या जोडीला जिवाची धास्ती होतीच. 1998मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या संशोधकांनी दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर दोनदा छोटी जखम केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. माणसं तीच, जखम तेवढीच, फरक फक्त ताणाचा होता. म्हणून तोंड आलं की प्रत्येक वेळी ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देऊ नये. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याचा, तपासून घ्यायलाच हवा.

तंबाखूने जिवाला बरं वाटतं, असं खाणारा सांगतो. त्यातली बरीचशी शांतता म्हणजे निकोटिनची तलफ भागल्याची सुटका. आपल्याकडे बायकांच्या मिशरीलाही हेच लागू आहे. गुटख्यावर राज्यात 2012पासून बंदी आहे, तरी सुपारीने आखडलेले, दोन बोटंही न मावणारे जबडे दंतवैद्यांकडे येतच असतात. सोडायचं असेल तर 1800-11-2356 या क्रमांकावर मोफत मदत मिळते.

शेवटचा फास भीतीचाच. दवाखान्याच्या धास्तीने माणूस जाणं टाळतो, कीड मुळापर्यंत जाते, उपचार मोठा होतो आणि भीती आणखी वाढते. दंतवैद्याला आधीच सांगावं, ‘डॉक्टर, मला भीती वाटते.’ ते बधिरीकरण नीट करतात, मध्ये थांबतात. खर्चाची चिंता असेल, तर दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत उपचार सहसा स्वस्त पडतात; नाशिकला पंचवटीत असं महाविद्यालय आहे. मनाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल, तर गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावं. घोट घोट पाणी प्यावं, रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासूनच झोपावं.

सटाण्याला दुसऱ्याची चिंता आपली मानण्याचा वारसा आहे. 1870-71च्या दुष्काळात मामलेदार यशवंतराव भोसेकरांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला. म्हणून ते देव मामलेदार झाले आणि मार्गशीर्षात आजही त्यांची यात्रा भरते. खजिना आपल्या हाती नाही, विचारपूस आहे. या भाऊबीजेला भाऊ घास एकाच बाजूने चावताना दिसला, तर दाढेसोबत कर्जाचं, बागेचं आणि झोपेचंही विचारा. त्याला बोलणं जड जात असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.