रसायनोपचार घेणाऱ्या रुग्णांच्या लक्षणांचे परिचारिकेकडून होणारे मूल्यमापन : मावळ-लोणावळा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

कर्करोगावरील रसायनोपचार, ज्यांना व्यवहारात केमोथेरपी किंवा नुसते 'केमो' म्हटले जाते, आज बहुतांशी दिवसभराच्या कक्षात दिले जातात. रुग्ण सकाळी येतो, सलाइनमधून औषध घेतो व सायंकाळी घरी परततो. मावळ तालुक्यातील रुग्ण त्यासाठी तळेगाव दाभाडे, पिंपरी-चिंचवड वा पुणे गाठतात. काही लोणावळ्याहून रेल्वेने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. औषधाचे अनेक गंभीर परिणाम मात्र नंतर, नाणे मावळ किंवा पवन मावळातील घरी प्रकट होतात. म्हणूनच परिचारिका पुढच्या भेटीत अथवा मधल्या काळात दूरध्वनीवर काय विचारते आणि उत्तरातून काय ओळखते, याला उपचारांच्या सुरक्षिततेत मोठे स्थान आहे.

मापनाची साधने

कॅनडातील एडमंटन येथे १९९१ मध्ये मांडल्या गेलेल्या मापनपद्धतीत वेदना, थकवा, मळमळ, भूक, धाप, चिंता आदी नऊ लक्षणांना रुग्ण स्वतः ० ते १० असे गुण देतो. याउलट अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या निकषांनुसार तपासणारी व्यक्ती दुष्परिणामाला १ ते ५ अशी श्रेणी देते. पाचवी श्रेणी म्हणजे मृत्यू. पहिल्यात रुग्णाचा अनुभव आहे, दुसऱ्यात तपासणाऱ्याचा निर्णय. दोन्हींची गल्लत झाली की नोंद निरुपयोगी ठरते.

आकड्यांची अडचण सर्वपरिचित आहे. "दहापैकी किती?" या प्रश्नाला शाळेची पायरी न चढलेली वृद्ध स्त्री "बरं आहे" एवढेच सांगते. भाताच्या पिकाची आणेवारी चटकन सांगणाऱ्या शेतकऱ्यालाही स्वतःच्या थकव्याला गुण देणे विचित्र वाटते. अशा वेळी कामाचा आधार घेणे उपयुक्त ठरते : गेल्या खेपेनंतर पाण्याचा हंडा उचलता आला का, घराची पायरी चढताना थांबावे लागले का, दिवसातला किती वेळ अंथरुणात गेला?

शब्दांच्या अर्थछटाही जाणून घ्याव्या लागतात. 'जीव घाबरा होतो' यात मळमळ, धाप, धडधड वा भीती यांपैकी काहीही असू शकते. 'तोंड आले' ही तक्रार बारीक फोडापासून गिळता न येण्यापर्यंत कोणतीही अवस्था दर्शविते. जागतिक आरोग्य संघटनेच्या श्रेणीत येथे आहार निर्णायक आहे. व्रण असूनही भाकरी खाता येत असेल तर दुसरी श्रेणी, केवळ पेज वा पातळ पदार्थ जात असतील तर तिसरी, आणि तोंडाने काहीच घेता येत नसेल तर चौथी. त्यामुळे "काल रात्री काय जेवलात, आजी?" हा साधा प्रश्नही मापनच असतो. अर्थात विजेरीच्या उजेडात तोंड पाहिल्याविना तो पुरा होत नाही.

ताप : सर्वांत तातडीचे लक्षण

अनेक औषधांनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या पेशीच अपुऱ्या असल्याने जंतुसंसर्ग होऊनही पू, सूज ही नेहमीची चिन्हे दिसत नाहीत. कित्येकदा ताप हीच एकमेव खूण असते. एकदा १०१ अंश फॅरेनहाइट, किंवा तासभर टिकलेला १००.४ अंश ताप, हा रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात आणण्याचा इशारा मानला जातो. तेथे पोहोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हावे अशी अपेक्षा असते. पण घरी 'अंगात कसर आहे', 'कणकण वाटते' असे म्हटले जाते आणि पॅरासिटामॉल घेतले जाते. ताप उतरतो, संसर्ग मात्र वाढत राहतो. पावसाळ्यात तर 'भिजल्यामुळे झाले' हे स्पष्टीकरण तयारच असते. म्हणून घरी तापमापी आहे का, ती कोणाला वाचता येते, गोळी घेतली असल्यास ताप मोजण्याआधी की नंतर, आणि रात्री वाहन कोणाचे मिळेल, हे परिचारिकेने पहिल्याच खेपेस विचारून ठेवावे.

हातापायांची संवेदना

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात वापरल्या जाणाऱ्या ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे थंड वस्तूच्या स्पर्शाने हातांना व घशाला मुंग्या येतात. लोणावळ्याच्या पावसाळी गारठ्यात आणि भातलावणीच्या चिखलात या लक्षणाला वेगळे महत्त्व येते. त्रास प्रत्येक खेपेनंतर काही दिवसांत ओसरतो की पुढच्या खेपेपर्यंत टिकतो, हा भेद कळीचा आहे. टिकत असल्यास मात्रा कमी करण्याचा विचार होतो. रुग्णाला सदऱ्याचे बटण लावायला सांगणे, चप्पल पायातून निसटल्याचे कळते का हे विचारणे, या तपासण्यांना उपकरण लागत नाही.

नियमित विचारणेचा लाभ केवळ सोयीपुरता नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातील ७६६ रुग्णांच्या अभ्यासात, लक्षणे नियमितपणे कळविणाऱ्या व गंभीर लक्षणाची सूचना परिचारिकेकडे जाणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान ३१.२ महिने, तर नेहमीची देखभाल मिळालेल्या गटाचे २६ महिने आढळले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे संगणक होता. मावळात हे काम वहीत आणि दूरध्वनीवरही होऊ शकते. मात्र वहीतील नोंद पुढची मात्रा ठरण्यापूर्वी डॉक्टरांसमोर गेली पाहिजे.