मॅग्नेशियमची गोळी कोणाला हवी?

शेवगाव, पाथर्डी, नेवासा भागात कपाशीवर लाल्या दिसला, की शेतकरी कृषी सेवा केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेट आणतो. मॅग्नेशियम हा हरितद्रव्याचा घटक आहे. तो कमी पडला की पाने लाल पडतात. पण नत्राची कमतरता, पाण्याचा ताण, थंडी किंवा तुडतुडे यांमुळेही पाने लाल होतात. म्हणून जाणकार शेतकरी आधी कारण शोधतो, मग फवारणी करतो.

स्वतःच्या तब्येतीबाबत मात्र आपण एवढे थांबत नाही. झोप नीट लागत नाही, थकवा येतो, रात्री पायात गोळे येतात, की मेडिकलमधून थेट मॅग्नेशियमच्या गोळ्या येतात.

शरीराला मॅग्नेशियम लागते हे खरेच. स्नायू, मज्जातंतू आणि हृदयाचे ठोके यांसाठी ते आवश्यक असते. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात ते सुमारे २५ ग्रॅम असते. त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत, तर रक्तात एक टक्क्याहूनही कमी. रोजची गरज साधारण ३०० ते ४५० मिलिग्रॅम.

भाकरीतून किती मिळते?

बाजरी, ज्वारी किंवा गव्हाच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १२० ते १३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, तर पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम २०. दोन्ही वेळा भाकरी, सोबत मटकीची उसळ, पालेभाजी, शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी असेल, तर बरीचशी गरज ताटातच भागते. मैदा, बिस्किटे आणि पांढरा भात वाढला, की ते घटते.

गोळीचा उपयोग किती?

कमतरता असेल तर गोळीचा फायदा होतो. दीर्घकाळ जुलाब, मद्यपान, अनियंत्रित मधुमेह, आम्लपित्ताच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेणे, ही कमतरतेची मुख्य कारणे. निरोगी माणसाला मात्र गोळीने विशेष लाभ होतो, असा भक्कम पुरावा नाही. पायात गोळे येण्यावरील संशोधनांचा कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये आढावा घेतला. वयस्कर व्यक्तींना त्यासाठी मॅग्नेशियमचा लक्षणीय उपयोग होण्याची शक्यता कमीच, असे त्यातून दिसले.

धोका कोणाला?

जास्त मात्रेने जुलाब, मळमळ होते. मूत्रपिंड निरोगी असेल तर जादा मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जाते. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते रक्तात साठते. मग रक्तदाब उतरतो, ग्लानी येते आणि हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. पोट साफ होण्याच्या आणि आम्लपित्ताच्या काही औषधांतही मॅग्नेशियम असते, हे लक्षात ठेवा. थायरॉइडची गोळी व काही अँटिबायोटिक्स यांचे शोषणही त्यामुळे कमी होते.

शेतीसाठी आणलेले मॅग्नेशियम सल्फेट तर चुकूनही पोटात घेऊ नका. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, क्रिएटिनिन तपासून घ्यावे. कपाशीला लावतो तोच नियम स्वतःलाही लावावा: आधी कारण, मग मात्रा.