फोन 'लॉस्ट' की 'स्टोलन'? एका शब्दाने काय बदलतं

आजच्या भागात पोलीस स्टेशनमध्ये कामी येणारे काही इंग्रजी शब्द बघूया. मराठीत आपण सरळ म्हणतो, "अरे, माझा फोन गेला!" पण कागदावर तो कसा गेला, हे फार महत्त्वाचं असतं.

रिक्षात विसरलात, तर 'आय लॉस्ट माय फोन'. फोन गहाळ झाला. यात गुन्हा नाही, म्हणून फक्त गहाळ झाल्याची नोंद होते.

गर्दीत कुणी खिशातून काढला, तर 'माय फोन वॉज स्टोलन'. ही झाली थेफ्ट, म्हणजे चोरी.

हातातून हिसकावून पळाला, तर 'स्नॅच्ड'. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्नॅचिंगसाठी वेगळं कलम आहे, ३०४.

चाकू दाखवून घेतला, तर 'रॉबरी', म्हणजे जबरी चोरी. आणि हेच पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलं, तर 'डकॉइटी', आपला दरोडा. गंमत म्हणजे हा शब्द इंग्रजीने आपल्याकडच्या 'डकैती'वरूनच उचललाय!

आता एक नेहमीची चूक. 'माय फोन वॉज रॉब्ड' म्हणू नका. स्टील होते वस्तू, रॉब होतो माणूस. म्हणून 'माय फोन वॉज स्टोलन', पण 'आय वॉज रॉब्ड'.

एवढा कीस कशासाठी? कारण चोरी झालेली असताना कागदावर 'लॉस्ट' किंवा 'गहाळ' लिहिलं गेलं, तर गुन्हाच नोंदला जात नाही. मग चोराचा तपास कोण करणार? म्हणून सही करण्याआधी तो एक शब्द नीट वाचा. एफआयआर तुम्हाला वाचून दाखवायची असते आणि तिची प्रत फुकट मिळते. तो तुमचा हक्क आहे. नोंदवायला नकार मिळाला, तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते.

जाता जाता एक काम. फोन हातात आहे तोवरच स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल करा. दिसेल तो आयएमईआय नंबर वहीत लिहून ठेवा. तक्रार देताना आणि फोन ब्लॉक करताना तोच लागतो.

भेटू पुढच्या भागात!