घरगुती स्वच्छतेचें रसायन



मी कांहीं रसायनशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर. आतां निवृत्त होऊन भाईंदरास घरीं बसलों आहें. नोकरींत असतांना इतर विषयांबरोबर सामान्य विज्ञानही मुलांना शिकवावें लागे. त्या शिदोरीवर आज चार शब्द बोलावयाचे आहेत. घर स्वच्छ ठेवण्याचीं साधनें घरच्या घरीं, थोडक्या पैशांत कशीं तयार करावीं हा आजचा विषय. परंतु साधनें सांगण्यापूर्वीं एक चूक सांगतों. ती माझ्याच घरीं घडली आणि तिचा धनी मीच आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीची साफसफाई चालली होती. दारावर आलेल्या फेरीवाल्याकडून मी सुटें ॲसिड घेऊन सरबताच्या रिकाम्या बाटलींत भरून ठेवलें होतें. बाटलीवर चिठ्ठी डकविण्याचा आळस केला. सूनबाईंनीं न्हाणीघराच्या फरशीवर आधीं ब्लीचिंग पावडर टाकली होती. डाग निघेनात म्हणून, साबणाचें पाणी असावें अशा समजुतीनें, त्यांनीं ती बाटली वर ओतली. खोली लहान, खिडकी लावलेली. क्षणांत हिरवट पिवळा उग्र वायु उसळला. त्या खोकत, भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या. त्यांना दवाखान्यांत नेऊन प्राणवायु द्यावा लागला. ईश्वरकृपेनें जीवावरचें संकट टळलें. पण पुढें आठ दिवस त्यांचा आवाज बसला होता.

तो वायु क्लोरीन होता. १९१५ सालीं पहिल्या महायुद्धांत बेल्जममधील इप्र गांवापाशीं शत्रूवर सोडला, तोच हा वायु. ब्लीचिंग पावडरींत ॲसिड मिसळलें असतां क्लोरीन सुटतो हें मी फळ्यावर कितीदां लिहिलें असेल! पण फळ्यावरचें ज्ञान बाटलीवरच्या चिठ्ठीपर्यंत पोहोंचलें नाहीं. आणि काढावयाचें होतें तरी काय? नळाखालचे पांढरे डाग. त्यांना अर्धें लिंबू पुरलें असतें.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावी ती ही कीं, मळ ओळखल्याशिवाय औषध निवडूं नये. घरांतला मळ ढोबळ मानानें तीन प्रकारचा असतो. पहिला क्षारांचा व धातूच्या गंजाचा: नळावरचा पांढरा थर, पितळेवरची काळिमा. हा आंबटानें, म्हणजे आम्लानें, विरघळतो. दुसरा तेलातुपाचा: कढईचा, ओट्याचा, चिमणीचा चिकटा. हा आम्लाला दाद देत नाहीं. त्याला राख किंवा सोडा, म्हणजे अल्क, लागतें. तिसरा घामाचा व धुळीचा: कपड्यांवरचा. त्याला फेस येणारा पदार्थ हवा. तो मळाला कपड्यापासून सोडवून पाण्यांत धरून ठेवतो. आंबट, अल्क आणि फेस हीं तीन नांवें पाठ झालीं कीं, अर्धें काम झालें.

प्रथम आंबट. आमच्या आजीच्या हातची रीत तुम्हांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. भिजवलेली चिंच, चिमूटभर मीठ, आणि समईपासून घंगाळापर्यंत सारें पितळ सोन्यासारखें लखलखे. चिंचेंतील टार्टरिक आम्ल तांब्या-पितळेवरचा काळा थर विरघळवितें. मिठाचे खडे तो खरवडतात आणि आम्लाच्या कामास हातभारही लावतात. घासून झाल्यावर भांडें लगेच भरपूर पाण्यानें धुऊन कोरडें पुसावें. ओलें राहिल्यास दुसऱ्या दिवशीं तें पुन्हां डागाळतें. भांड्याला आंतून कल्हई असल्यास ती बाजू मात्र चिंचेनें घासूं नये.

नळ, बादली किंवा पाणी तापविण्याचें भांडें यांवर पांढरा थर धरतो तो मुख्यतः चुन्याच्या क्षाराचा. त्यावर लिंबाची फोड चोळून दहा मिनिटें थांबावें. थर जाड असेल तर अर्धा लिटर गरम पाण्यांत मोठा चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवून त्यांत भिजविलेलें फडकें नळाला गुंडाळून ठेवावें. बारीक बुडबुडे येतील. क्षार विरघळत असल्याची ती खूण. मात्र हाच प्रयोग शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर करूं नका. हे दगड स्वतःच चुनखडीच्या कुळांतले. डागाबरोबर फरशीचें तेजही जाईल.

येथें आमच्या गांवाची एक गोष्ट सांगतों. पूर्वीं दहिसर सोडून आगगाडी भाईंदरकडे येऊं लागली कीं, खिडकींतून मिठागरें आणि मिठाच्या पांढऱ्या राशी दिसत. भरतीचें खारें पाणी उथळ वाफ्यांत घ्यावें, उन्हानें आटवावें आणि तळाशीं जमलेलें मीठ ओढून रास करावी, हा येथील आगरी मंडळींचा पिढीजात व्यवसाय. पुढें याच भाईंदरांत स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने वाढले. मीठ आणि स्टील हीं दोन्ही आमच्या गांवचीं लेंकरें. पण रसायनशास्त्रांत त्यांचें पटत नाहीं. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ पडदा असतो. तोच त्याला गंजूं देत नाहीं. मिठांतील क्लोराइड त्या पडद्याला भोंकें पाडतें, आणि भांड्याच्या तळाशीं सुईच्या टोंकाएवढे खळगे दिसूं लागतात. म्हणून पितळेला जें औषध तेंच स्टीलला अपाय. स्टीलच्या भांड्यांत खारें पाणी रात्रभर ठेवूं नये. स्वयंपाकांतही पाण्याला उकळी आल्यावर मीठ टाकावें, म्हणजे तें तळाशीं बसून राहत नाहीं.

आतां अल्क. चुलीच्या राखेनें भांडीं घासण्याची चाल अडाणीपणाची नव्हती. लांकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट असतें. तें तुपातेलाचा कांहीं अंश साबणांत पालटवितें, आणि राखेचे कण घासण्याचें काम करतात. आज घरोघर गॅस आला आणि राख गेली. तिची जागा धुण्याचा सोडा घेऊं शकतो. एक लिटर गरम पाण्यांत मोठा चमचाभर सोडा विरघळवून ओट्यावर, फरशीवर किंवा तेलकट जाळीवर लावावा, पंधरा मिनिटें थांबून घासावें आणि स्वच्छ पाण्यानें पुसून घ्यावें. हातांत रबरी मोजे घालावेत, कारण हा सोडा कातडीचेंही तेल काढून घेतो. ॲल्युमिनियमचीं भांडीं त्यानें काळीं पडतात आणि झिजतात; त्यांना तो लावूं नये. खाण्याचा सोडा याहून सौम्य असतो. चहाच्या कपावरचे डाग काढण्यास तो ओल्या फडक्यावर घेऊन चोळावा.

धुण्याच्या सोड्याचा आणखी एक गुण आहे. कित्येक विहिरींचें व बोअरचें पाणी जड असतें. अशा पाण्यांत साध्या साबणाचा फेस न होतां पांढरा चोथा होतो आणि साबण वायां जातो. कपडे भिजविण्यापूर्वीं बादलीभर पाण्यांत दोन चमचे सोडा टाकल्यास पाण्यांतील चुना तळाशीं बसतो आणि थोडक्या साबणांत काम भागतें. लोंकरी व रेशमी वस्त्रांना मात्र सोडा वर्ज्य.

त्यांच्यासाठीं तिसरा गडी आहे, तो रिठा. दहा-बारा रिठे फोडून बिया काढाव्यात, टरफलें लिटरभर पाण्यांत रात्रभर भिजवावींत, सकाळीं पंधरा मिनिटें उकळून गाळून घ्यावें. रिठ्यांत सॅपोनिन नांवाचा फेसाळ पदार्थ असतो. जड पाण्यांतही त्याचा चोथा होत नाहीं आणि लोंकरीला तो मानवतो. दागिने, शाली, स्वेटर यांना हें पाणी उत्तम. तें दोन-तीन दिवसांतच आंबतें, म्हणून लागेल तेवढेंच करावें. आणि डोळ्यांत जाऊं देऊं नये, फार झोंबतें.

हल्लीं फळांच्या सालींपासून ‘बायोएन्झाइम’ करण्याची चाल निघाली आहे. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली आणि दहा भाग पाणी तीन महिने आंबवावयाचें. कचऱ्यांत जाणाऱ्या सालीचा उपयोग होतो, हें चांगलेंच. त्याचा गुण मुख्यतः आंबटपणाचा, म्हणून लिंबाचे सारे नियम त्याला लागू. बाटली प्लास्टिकची घ्यावी, तिचा तिसरा भाग रिकामा ठेवावा, आणि पहिला महिना रोज झांकण सैल करून वायु जाऊं द्यावा. न केल्यास बाटली फुटते.

आतां एका गैरसमजाविषयीं. व्हिनेगर आणि सोडा एकत्र केला कीं जोराचा फेस येतो, आणि पाहणाऱ्यास वाटतें, केवढी ही शक्ति! वस्तुतः आम्ल व अल्क एकमेकांना मारून टाकतात. वायु उडून जातो आणि मागें राहतें तें जवळजवळ निरुपयोगी पाणी. दोन शूर शिपाई आपसांतच लढून थकावेत, तसा हा प्रकार. एका वेळीं एकच लावावें, धुवावें, मग हवें तर दुसरें.

घरगुती साधनांची मर्यादाही सांगितली पाहिजे. लिंबू, चिंच, रिठा हीं मळ काढतात. रोगजंतूंचा नाश करण्याची हमी देत नाहींत. घरांत जुलाब-उलट्यांचा रोगी असेल तर आधीं साबणानें मळ काढावा, आणि मग ब्लीचिंगचें पाणी वेष्टनावर दिलेल्या प्रमाणांत वापरावें. पण तें एकटेंच, खिडकी उघडून. ॲसिड, व्हिनेगर, लिंबू, अमोनिया यांपैकीं कांहींही त्यांत मिसळूं नये. चुकून वायु सुटलाच, तर पाणी ओतण्यास किंवा पुसण्यास न थांबतां तत्काळ मोकळ्या हवेंत यावें, आणि श्वासाला त्रास होत असल्यास डॉक्टरांकडे जावें.

आज आमच्या घरीं सुटें ॲसिड येत नाहीं. न्हाणीघराच्या फळीवर तीन बरण्या आहेत. एकींत लिंबूसत्त्व, दुसरींत धुण्याचा सोडा, तिसरींत रिठे. प्रत्येकीवर ठळक अक्षरांत नांव लिहिलें आहे. आणि ब्लीचिंगचा डबा निराळ्या कपाटांत, कुलपांत आहे. चिठ्ठ्यांवरचें अक्षर सूनबाईंचें आहे. मी लिहितों म्हणालों होतों, त्या म्हणाल्या, “मामंजी, तुम्ही फळ्यावर पुष्कळ लिहिलेंत, हें आतां मला लिहूं द्या.”

श्रोतेहो, आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपल्या मोरीच्या फळीवर एकवार दृष्टि टाका. चिठ्ठी नसलेली बाटली दिसली तर तिच्यावर नांव लिहा. तिच्यांत काय आहे हें ठाऊक नसेल, तर ती तशीच बंद करून मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं ठेवा.